कर्णोपकर्णीची वार्ता : १९३६चा विलायत दौरा

इसवी सन १९३६च्या जून महिन्यात, लॉर्ड्‌सवरील पहिला कसोटी सामना काही दिवसांवर येऊन ठेपला असताना, हिंदी क्रिकेट-संघातील लाला अमरनाथ या चोवीस वर्षांच्या खेळाडूस बेशिस्तीच्या आरोपावरून दौऱ्यातून काढून आगबोटीने स्वदेशी परत धाडण्यात आले, ही वार्ता हिंदुस्थानात येऊन थडकली तेव्हा तिच्यासोबत कारणांचा तपशील आलेला नव्हता. आणि त्या अभावामुळे जी पोकळी निर्माण झाली ती पुढले सात महिने, किंबहुना पुढली कित्येक वर्षे, ऐकीव आणि सांगोवांगीच्या सामग्रीनेच भरली जात राहिली. क्रीडावृत्तांत अफवेला किती थारा द्यावा, ती छापावी की दाबावी, छापल्यास कोणत्या शब्दांत, याचा विचार करावयाचा तर या प्रकरणाइतके बोधप्रद दुसरे हिंदी प्रकरण माझ्या पाहण्यात नाही. कारण यात अफवा दोन्ही पक्षांविरुद्ध उठल्या, आणि त्यांपैकी एका पक्षाविरुद्धच्या अफवांची आपण आजतागायत कधी झाडाझडती घेतलीच नाही.

अमरनाथ हे कोणी अनोळखी पोर नव्हते. १९३३च्या डिसेंबरात मुंबईच्या जिमखान्यावर जार्डिनच्या संघाविरुद्ध पदार्पणाच्याच सामन्यात ११८ धावा काढून हिंदुस्थानचे पहिले कसोटी शतक त्यांनी नोंदविले होते; त्या दिवशी स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून त्यांच्यावरून ओवाळून टाकले अशी जी कथा मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, ती कितपत खरी हे बाजूला ठेवले तरी मुंबईकरांच्या मनातील त्यांचे स्थान सांगावयास ती पुरेशी आहे. विलायतेतही त्यांनी तोवर सहाशेवर धावा आणि तीसवर बळी अशी दुहेरी कामगिरी केली होती, आणि ब्रेंटवुड येथे एसेक्सविरुद्ध दोन्ही डावांत शतके झळकाविली होती. असा खेळाडू ऐन कसोटीच्या तोंडावर परत येतो म्हटल्यावर वाचकाने ‘का’ असे विचारणे स्वाभाविक होते, आणि संपादकाने त्या प्रश्नाचे काही ना काही उत्तर देण्याची धडपड करणे हेही तितकेच स्वाभाविक होते.

परंतु उत्तर द्यावयाचे कशाच्या आधारावर? त्या काळी विलायतेची बातमी दोन पावलांनी येई. तारेला शब्दागणिक आकार पडे, म्हणून तिच्यात धावफलक, निकाल आणि अधिकृत निवेदनाचे सार एवढेच मावे. घटनेचे अंतरंग, खेळाडूंचे म्हणणे, संघातील रुसवेफुगवे यांसाठी टपालाची वाट पाहणे भाग असे, आणि ते टपाल विमानाने आले तर आठवडाभराने, आगबोटीने आले तर त्याहूनही विलंबाने हाती पडे. या दोन पावलांमधल्या अवकाशात वृत्तपत्राचा रकाना मात्र रोजच्या रोज भरावाच लागे. तेव्हा मुंबईतील ज्या गृहस्थाच्या भाच्याचा स्नेही लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करीत असेल त्याच्या पत्रातील चार ओळी, जिमखान्याच्या ओसरीवर संध्याकाळी बसणाऱ्या मंडळींचे तर्क, संस्थानिकांच्या कारभाऱ्यांकडून मुद्दाम पाझरविलेला मजकूर, हे सगळे ‘असे समजते’ आणि ‘असे बोलले जाते’ या बुरख्याआडून छापखान्यात शिरावे यात नवल नाही. मी त्या बातमीदारांना सरसकट दोष देऊ इच्छीत नाही. ज्यांच्यापाशी खरी हकीकत होती त्यांनी ‘बेशिस्त’ या एका शब्दापलीकडे लोकांस काहीही सांगावयाचे नाही असे ठरविले असता, लोकांनी आणि त्यांच्या वृत्तपत्रांनी मुकाट्याने बसून राहावे ही अपेक्षाच अवास्तव होती. सत्ताधाऱ्याच्या मौनातून अफवा जन्मते हे तर मोगलांच्या छावणीपासून आपण पाहत आलो आहोत.

घडले होते काय? जेवढा भाग सामान्यतः मान्य आहे तेवढाच सांगावयाचा तर, लॉर्ड्‌सवर मायनर काउंटीजच्या संघाशी सामना चालू असताना अमरनाथ पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसले होते. कर्णधारांनी त्यांना थांबवून ठेवून दुसऱ्या फलंदाजांना एकामागून एक पुढे धाडले, आणि अमरनाथांची पाळी आली तेव्हा दिवसाचा खेळ संपावयास अगदी थोडा अवधी उरला होता. तंबूत परतल्यावर त्यांनी संतापाच्या भरात आपले सामान आपटले आणि पंजाबी भाषेत काही उद्गार काढले. कर्णधारांनी ती आपली बेअदबी मानली, व्यवस्थापक मेजर ब्रिटन-जोन्स यांनी त्यांची पाठराखण केली, ज्येष्ठ खेळाडूंनी केलेली रदबदली व्यर्थ गेली, आणि ‘कैसर-इ-हिंद’ या बोटीने अमरनाथांची रवानगी झाली. आता ते उद्गार नेमके कोणते, हे विचाराल तर जितके सांगणारे तितके पाठ. कोणी म्हणतात शिवी होती, कोणी म्हणतात स्वतःशीच केलेली चडफड होती, कोणी म्हणतात की ‘आत काय चालले आहे ते मी जाणून आहे’ अशा आशयाचे एक सरळ वाक्य होते. त्याच उन्हाळ्यात, त्याच लॉर्ड्‌सवर, ३ जुलै रोजी, केंब्रिज विद्यापीठाकडून गोलंदाजी करणाऱ्या जहांगीर खान यांच्या चेंडूने उडती चिमणी मेली, तर तिच्यात पेंढा भरून चेंडूसकट तिला जतन करून ठेवण्यात आले, आणि आजही ती तेथील संग्रहालयात पाहता येते. अमरनाथांच्या चार शब्दांसाठी मात्र कोणी एक कागदाचा चिटोरा खर्च केला नाही.

अशा संदिग्ध मजकुरावर वाचकाने आपला कौल लगोलग दिला, याला कारणही होते. कर्णधार होते विजयानगरमचे महाराजकुमार, ज्यांना क्रिकेटचे जग ‘विझी’ या लाडक्या नावाने ओळखे. १९३०-३१ च्या मोसमात हॉब्ज आणि सटक्लिफ यांच्यासारख्या धुरंधरांना हिंदुस्थानात आणून आपल्या संघातून खेळविणारा, व्हाइसरॉय विलिंग्डन यांच्या नावाने दिल्लीच्या मैदानावर मंडप उभारून देणारा, दरबारी मसलतीत मुरलेला हा आश्रयदाता बॅट हाती घेतल्यावर मात्र सामान्यांतही सामान्य होता. त्या दौऱ्यातील तीन कसोट्यांच्या सहा डावांत मिळून त्यांच्या धावा झाल्या ३३. आणि ज्यांना डावलून हे नेतृत्व त्यांच्याकडे गेले ते कर्नल सी. के. नायुडू जन्माने नागपूरचे, चाकरीने इंदूरच्या होळकरांचे, आणि १९२६च्या डिसेंबरात एम. सी. सी. विरुद्ध ११ षट्‌कारांसह १५३ धावा झोडपून मुंबईच्या मैदानाचे दैवत झालेले. नागपुरापासून मुंबईपर्यंतचा आणि इंदुरापासून पुण्यापर्यंतचा मराठी वाचक या तंट्यात कोणत्या बाजूला उभा राहणार हे सांगावयास ज्योतिषाची गरज नव्हती. संघात दोन तट पडले आहेत, नायुडूंशी सलगी करणाऱ्यांवर कर्णधारांची वक्रदृष्टी आहे, ही बातमी वाचकास हवीच होती. जी बातमी वाचकास हवीच असते तिचा पुरावा मागण्याचे श्रम वाचक घेत नाही, आणि वाचक घेत नाही म्हणून उपसंपादकही घेत नाही.

लॉर्ड्‌सचा सामना २७ जूनला सुरू झाला. अमरसिंग यांनी ३५ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १३४ धावांत गुंडाळले, हिंदी संघास १३ धावांची आघाडी मिळाली, आणि दुसऱ्या डावात तोच संघ ९३ धावांत कोसळून नऊ गड्यांनी पराभूत झाला. त्या ९३चे अपश्रेय अमरनाथांच्या अनुपस्थितीस देण्याचा मोह कोणाला झाला नसेल! त्यातच राजाच्या वाढदिवसाच्या किताबांत विझींना ‘सर’ ही पदवी मिळाली, आणि तिचा विधी याच दौऱ्यात जुलैच्या मध्यास पार पडला. मँचेस्टरला जुलैच्या अखेरीस मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी सलामीसच २०३ धावांची भागी रचून दौऱ्याची लाज राखली; मर्चंटांच्या ११४ आणि मुश्ताक अलींच्या ११२. ऑगस्टात ओव्हलवर पुन्हा नऊ गड्यांनी हार.

आता त्या दुसऱ्या प्रकारच्या अफवांकडे वळतो, ज्यांच्याकडे आपण कौतुकाच्या नजरेने पाहतो. मँचेस्टरच्या त्या भागीपूर्वी कर्णधारांनी मुश्ताक अलींना, मर्चंटांना धावबाद कराल तर सोन्याचे घड्याळ देईन, असे आमिष दाखविले, आणि मुश्ताक अलींनी ते मर्चंटांनाच सांगून टाकल्यावर दोघेही हसत मैदानात उतरले, अशी एक आख्यायिका आहे. एका काउंटी-कर्णधारास सोन्याचे घड्याळ नजर करून विझींनी त्याच्याकडून सोपे चेंडू वसूल केले अशी दुसरी आहे. आणि ओव्हलच्या कसोटीत बाका जीलानी यांना जे स्थान मिळाले ते त्यांनी न्याहारीच्या मेजावर नायुडूंचा चारचौघांत अपमान केल्याचा मोबदला म्हणून मिळाले, अशी तिसरी. या तिन्ही कथा क्रिकेटवरील पुस्तकांतून, नियतकालिकांतून, वक्त्यांच्या भाषणांतून इतक्या वेळा फिरल्या आहेत की त्यांना आता इतिहासाचा मान मिळाला आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी बखरींची जी उलटतपासणी केली आणि समकालीन अस्सल कागदास जो अग्रमान दिला, त्या महाराष्ट्रात तरी या कथांना विचारावयास हवे होते की, बायांनो, तुम्ही पहिल्या कोणाच्या तोंडून निघालात, तो तेथे हजर होता काय, आणि त्याचे विझींशी वैर होते की सख्य?

जीलानींची कथा मला विशेष बोचते. विझी आणि नायुडू हे मातबर पुरुष. त्यांच्या नावावर चार कथा जास्त झाल्या तरी त्यांच्या कर्तृत्वाचा किंवा अकर्तृत्वाचा हिशोब स्वतंत्र कागदांवरून मांडता येतो. विझी तर पुढे क्रिकेट-मंडळाचे अध्यक्ष झाले, नभोवाणीवर बोलू लागले, पद्मभूषण झाले; त्यांना उत्तर देण्याची साधने कधी कमी पडली नाहीत. जीलानी हे रणजी करंडकाच्या पहिल्याच मोसमात, त्या स्पर्धेच्या इतिहासातील पहिली हॅट्‌ट्रिक करणारे गोलंदाज. आयुष्यात एकच कसोटी त्यांच्या वाट्याला आली, आणि १९४१च्या जुलैत, तीस वर्षेही पुरी झाली नसताना, ते वारले. ज्या माणसाची उभी कारकीर्द एका वाक्यात मावते त्याच्या बाबतीत ते वाक्य जर न्याहारीच्या मेजावरील शिवीगाळीचे झाले, तर त्याच्या हॅट्‌ट्रिकची आठवण कोणाला राहणार? ही कथा खरी असूही शकेल. निवडीत वशिला चालत होता हे कोणीही नाकारणार नाही. पण अमरनाथांचे उद्गार शहानिशा न करता बेशिस्त ठरविले म्हणून ज्या विझींवर आपण रोष धरतो, त्यांच्याच पद्धतीने आपण जीलानींचा निकाल लावून बसलो आहोत, आणि त्यास विनोद म्हणत आहोत.

या ठिकाणी तीनच वर्षांपूर्वीच्या ॲडलेडची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९३३च्या जानेवारीत लारवुडचा चेंडू ऑस्ट्रेलियाचे कर्णधार वुडफुल यांच्या छातीवर आदळला, इंग्लंडचे व्यवस्थापक वॉर्नर विचारपूस करावयास त्यांच्या खोलीत गेले, आणि मैदानावर दोन संघ असले तरी क्रिकेट त्यांतला एकच खेळत आहे अशा आशयाचे उत्तर घेऊन परतले. ते उत्तर वृत्तपत्रांत छापून आले आणि दोन देशांचे संबंध ताणले गेले. ते शब्द बाहेर कोणी नेले याविषयी जॅक फिंगलटन यांच्याकडे बोट दाखविले गेले. त्यांनी ते जन्मभर नाकारले आणि उलट ब्रॅडमन यांच्याकडे बोट दाखविले. ब्रॅडमन यांनीही नाकारले. फिंगलटन हे व्यवसायाने वृत्तपत्रकार होते एवढाच त्यांच्याविरुद्धचा मुख्य पुरावा. ॲडलेडला बोललेले शब्द सारांशाने सर्वमान्य होते आणि नेणारा अज्ञात होता. लॉर्ड्‌सला बोलणारा सर्वज्ञात होता आणि शब्द अज्ञात होते. माझ्या मते यांपैकी पहिली बातमी छापणाऱ्या संपादकाने, कोणी काहीही म्हणो, आपले कर्तव्यच केले, कारण खेळ कोणत्या थराला गेला आहे हे जाणण्याचा हक्क ज्या प्रेक्षकांच्या पैशावर तो खेळ चालतो त्यांना होता, आणि छापलेली गोष्ट खरी होती. चहाडी कोणी केली याची चर्चा मात्र चाळीतल्या नळावरच शोभण्यासारखी होती, आणि तिने एका माणसाच्या आयुष्यास निष्कारण डाग लावला.

आपल्याकडे १८६०च्या दंडविधानाच्या ४९९व्या कलमाने अब्रूनुकसानीस जो पहिला अपवाद सांगितला होता त्यात नुसते सत्य पुरेसे मानलेले नव्हते. ते सांगणे लोकहिताचे असले पाहिजे अशी दुहेरी अट होती. कायदा जेथे सत्यालाही अशी अट घालतो तेथे अर्धसत्याला क्रीडेच्या पानावर एवढी मोकळीक का, याचे कारण बहुधा हे की खेळाचे पान हे गमतीचे पान, तेथे कोणाचे काय बिघडणार आहे, अशी आपली समजूत. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील वृत्तपत्र-आयोगाने १९५४ साली आपला अहवाल सादर करून वृत्तपत्र-परिषदेची शिफारस केली, आणि १९६६ साली ती परिषद अस्तित्वात आली; या साऱ्या काळात जी चर्चा झाली तिचा रोख राजकारण, जातीय तेढ आणि भांडवलदारांची मालकी यांवर होता. खेळाडूची अब्रू हा विषय कोणाला चर्चेच्या लायकीचा वाटला असेल असे दिसत नाही. वास्तविक खेळाडूचे सगळे भांडवल म्हणजे त्याचे नाव आणि आयुष्यातील दहाबारा वर्षे. वकिलाची किंवा व्यापाऱ्याची बदनामी झाली तर ती धुऊन काढावयास त्यांना उभे आयुष्य मिळते.

वृत्तपत्राने अफवा छापूच नये असे माझे म्हणणे नाही. पेशवाईतील बातमीदारांची पत्रे ज्यांनी चाळली आहेत त्यांना ठाऊक आहे की दिल्लीहून किंवा हैदराबादेहून लिहिणारा जाणता वकील बाजारातील आवई अवश्य कळवी, पण ती आवई म्हणून कळवी. स्वतः दरबारात पाहिलेले निराळे, अमुकाच्या कारकुनाने सांगितलेले निराळे, आणि बाजारात उठलेले निराळे. त्यावर पुण्याच्या मुत्सद्द्यांना फौज हलवावयाची की नाही हे ठरवावयाचे असे, म्हणून या तीन प्रतींची सरमिसळ त्यांना परवडत नसे. १९३६च्या जुलैत एखाद्या उपसंपादकाने एवढेच छापले असते की कर्णधार आणि व्यवस्थापक यांनी बेशिस्तीपलीकडे कारण दिलेले नाही, अमरनाथांचे म्हणणे आम्हांस मिळालेले नाही, संघातील दुफळीविषयी जे कानावर येते ते अशा लोकांकडून येते ज्यांचे हितसंबंध एका पक्षाशी गुंतले आहेत, तर ती बातमी कदाचित रुक्ष झाली असती, पण आज इतिहास लिहिणाऱ्याच्या ती सोन्याच्या घड्याळाहून अधिक उपयोगी पडली असती.

खरी तहकिकात झाली ती मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमाँट यांच्या समितीपुढे. १९३७च्या जानेवारीत तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. अमरनाथांवरील ठपका त्याने दूर केला, आणि कर्णधारांना क्षेत्ररचना व गोलंदाजीतील बदल उमगत नव्हते, फलंदाजीचा क्रम ते नियमाने पाळीत नव्हते, असे स्पष्ट शब्दांत नमूद केले. नायुडूंनाही तो अहवाल अगदीच मोकळे सोडीत नाही; त्यांनी स्वतःस संघापासून दूर ठेवले याबद्दल त्यांच्यावरही ताशेरा आहे. मराठी सांगोवांगीत या शेवटच्या भागाचा उल्लेख क्वचितच आढळतो, यात आश्चर्य वाटावयास नको. अहवालाचा जो भाग आपल्या आवडत्या अफवेस दुजोरा देतो तेवढा आपण लक्षात ठेवला.

अमरनाथ मात्र या प्रकरणातून एक गोष्ट शिकले असावेत असे त्यांच्या पुढील वर्तनावरून दिसते. निर्दोष ठरूनही मध्ये महायुद्ध आले आणि त्यांना पुन्हा कसोटी खेळावयास १९४६ साल उजाडावे लागले, तेही लॉर्ड्‌सवरच. १९४७-४८ साली ऑस्ट्रेलियात हिंदी संघाचे नेतृत्व करून आल्यावर, १९४९ साली अँथनी डिमेलो अध्यक्ष असलेल्या क्रिकेट-मंडळाने त्यांना पुन्हा बेशिस्तीच्याच आरोपाखाली निलंबित केले. या वेळी त्यांनी अफवांना पिकावयास सवडच दिली नाही. आरोपांना मुद्देसूद लेखी उत्तर तयार करून त्यांनी ते कलकत्त्यास पत्रकारांपुढे ठेवले. म्हणजे बातमीदारांच्या हाती कुजबुजीऐवजी कागद पडला, ज्याच्याशी मंडळाचे म्हणणे ताडून पाहता येत होते. प्रकरण पुढे मिटले, आणि १९५२ च्या हिवाळ्यात पाकिस्तानचा संघ पहिल्यांदा कसोटी मालिका खेळावयास आला तेव्हा हिंदुस्थानचे कर्णधार होते लाला अमरनाथ. ती मालिका त्यांनी २-१ ने जिंकली.